बैल सारखा, डोळा वेगळा

चीनच्या चिंग दरबारातल्या एखाद्या मांचू कारकुनावर मराठी शिकायची वेळ आली असती, तर एका जागी तो अजिबात अडखळला नसता. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांतला फरक हिंदी भाषकाला समजावून सांगावा लागतो, कारण समोरचा माणूस जेवणाऱ्यांत धरला आहे की नाही, हे हिंदीतला ‘हम’ सांगत नाही. मांचूत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारा ‘बे’ आणि त्याला सामावून घेणारा ‘मुसे’. जुन्या मंगोलीतही तीच सोय होती, ‘बा’ आणि ‘बिदा’. तुर्कीत मात्र एकाच ‘बिझ’वर भागवावं लागतं.

एवढ्यावरून मराठी आणि मांचू एका कुळातल्या, असं कुणी म्हणत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन्ही शब्द संस्कृताच्या घरातलेच, पण त्यांच्यात असा भेद पाडण्याची रीत द्राविडी शेजारातून, तेलुगूतल्या ‘मेमु’-‘मनमु’सारख्या जोड्यांतून आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शब्द घरचे, रीत शेजारची. दोन भाषांत साम्य दिसलं, की ते वारशाने आलेलं असू शकतं, शेजाराने आलेलं असू शकतं किंवा निव्वळ योगायोग असू शकतो. तुर्किक, मंगोलिक आणि तुंगुसिक भाषांना ‘अल्ताइक’ नावाच्या एका छपराखाली बसवायचं की नाही, हा पावणेदोनशे वर्षं चाललेला वाद या तीन शक्यतांभोवतीच फिरतो आहे. भल्या भल्या विद्वानांनी त्यात बाजू बदलल्या, मैत्र्या तोडल्या आणि एकमेकांच्या ग्रंथांची जाहीर चिरफाड केली.

आधी तिन्ही पक्षांची ओळख. तुर्किक भाषा सर्वांत पसरलेल्या आहेत. इस्तंबूलच्या तुर्कीपासून अझरबैजानी, उझबेक, कझाक, उइगुर असं करत ही साखळी पार सैबेरियात लेना नदीकाठच्या याकुत लोकांपर्यंत जाते. बोलणारे सतरा कोटींहून अधिक. मंगोलिक गट त्या मानाने लहान. मंगोलिया, चीनचा अंतर्मंगोलिया, बैकाल सरोवराजवळचे बुर्यात आणि कास्पियन समुद्राजवळ जाऊन राहिलेले काल्मिक मिळून साठ-सत्तर लाख. तुंगुसिक भाषांची अवस्था बिकट आहे. येनिसेईपासून पॅसिफिकपर्यंतच्या जंगलांत एवेंकींच्या विरळ वस्त्या आहेत, अमूर नदीकाठी नानाई आहेत, पण साऱ्यांची बेरीज एक लाखाच्याही आत भरते. ज्या मांचूंनी 1644 पासून 1912 पर्यंत चीनवर राज्य केलं, त्यांची भाषा त्यांच्या मायभूमीत जवळपास संपली. तिची सख्खी बहीण शिबे तगली आहे ती हजारो किलोमीटर पश्चिमेला, शिंच्यांगच्या इली खोऱ्यात. कारण छ्येनलुंग बादशहाने 1764 मध्ये शिबे सैनिकांना कुटुंबकबिल्यासह तिकडच्या सरहद्दीवर धाडलं होतं. अल्ताई हे रशिया, मंगोलिया, चीन आणि कझाकस्तान यांच्या सीमांवरच्या पर्वताचं नाव आहे. तीनही गट तिथूनच निघाले, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. नाव पडलं आणि चिकटलं.

या कथेचा पहिला नायक युद्धकैदी होता. 1709 मध्ये पोल्ताव्याला रशियाच्या पीटर बादशहाने स्वीडनच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि जे अधिकारी हाती लागले, त्यांत फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबर्ग होता. त्याची रवानगी सैबेरियातल्या तोबोल्स्कला झाली. तिथल्या दीर्घ बंदिवासात त्याने नकाशे केले, भटक्या जमातींचे शब्द टिपले आणि सुटून घरी गेल्यावर 1730 मध्ये सगळं ग्रंथरूपाने छापलं. (युरोप आणि आशिया यांची हद्द उरल पर्वतावरून काढावी, ही आज शाळेत शिकवली जाणारी कल्पना रुजवण्यातही याच पुस्तकाचा मोठा हात.) त्याच्या शब्दकोष्टकात उत्तर आशियाच्या भाषांचे सहा गट आहेत. या गटांत रक्ताचं नातं आहे, असा दावा त्याला करायचा होता असं मानायला फारसा आधार नाही; तरी पुढच्यांनी त्याला कुलपुरुष करून टाकलं.

खरी पायाभरणी फिनलंडच्या मातियास कास्त्रेनची. 1845 ते 1849 या काळात त्याने क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी सैबेरिया पालथा घातला आणि तुर्किक, मंगोलिक, तुंगुसिक यांच्याबरोबर स्वतःची फिन्निश आणि तिच्या नात्यातल्या भाषाही ‘अल्ताइक’मध्ये घातल्या. 1852 मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच सुमारास माक्स म्युलरने याहून मोठं छप्पर उभारलं. आर्य नाही आणि सेमिटिक नाही असं बरंच काही त्याने ‘तुराणी’ या नावाखाली कोंबलं, त्यात दक्षिण भारतातल्या द्राविडी भाषासुद्धा होत्या. 1856 मध्ये द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट कॉल्डवेलनेही त्यांचे धागे ‘सिथियन’ म्हणून उत्तरेकडच्या या भाषांशी जोडून पाहिले. कॉल्डवेलचं व्याकरण टिकलं, हा धागा तुटला. मात्र ‘तुराण’ हा शब्द राजकारणाच्या हाती लागला. बुडापेस्टमध्ये 1910 साली तुराण सोसायटी निघाली, तुर्कस्तानात तुराणवादाने मूळ धरलं आणि 1930च्या दशकात तर तिथे जगातल्या साऱ्या भाषा तुर्कीतून निघाल्या, असं सांगणारा ‘सूर्यभाषा सिद्धान्त’ काही काळ सरकारी आशीर्वादाने मिरवला. अल्ताइक गृहीतकावर आजही काही जण नाक मुरडतात, त्यात या इतिहासाचा वाटा आहे. पण राजकारण्यांनी उचललं म्हणून गृहीतक खोटं ठरत नाही, तसंच खरंही ठरत नाही.

विसाव्या शतकात हा विषय शास्त्राच्या शिस्तीत आणला तो गुस्ताफ योन रामस्टेट या आणखी एका फिनिश माणसाने. मंगोलियात राहून तिथल्या बोली शिकलेला हा गृहस्थ पुढे फिनलंडचा पहिला राजदूत म्हणून जवळजवळ दशकभर टोकियोत राहिला आणि तिथे त्याने कोरियनही अभ्यासाला घेतली. त्याचं अल्ताइक भाषाशास्त्र 1952 आणि 1957 मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालं. निकोलस पोप्पे याने 1960 मध्ये तौलनिक व्याकरण काढून त्यावर कळस चढवला. त्या वेळी प्रश्न जवळपास सुटला, असं वाटत होतं.

असं का वाटावं, हे दोन वाक्यांत दिसतं. ‘बेन एवे गिदियोरुम’ हे तुर्की वाक्य शब्दाखाली शब्द ठेवला तर होतं ‘मी घरी जातोय’. मंगोलीतलं ‘बी गेर्ते खारिज बायना’ म्हणजे ‘मी घरी परतत आहे’, इथेही क्रम तोच आणि शेवटी ‘आहे’ तिथल्या तिथे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे. प्रत्ययांची तर आगगाडीच लागते: तुर्कीत ‘एव’ घर, ‘एवलेर’ घरं, ‘एवलेरिमिझ’ आमची घरं, ‘एवलेरिमिझदेन’ आमच्या घरांतून. त्यावर स्वरांचा मेळ. ‘एव’चं अनेकवचन ‘एवलेर’, पण ‘आत’ म्हणजे घोडा, त्याचं ‘आतलार’. शब्दातला स्वर जसा, तसा प्रत्यय आपला स्वर बदलतो. मंगोलीत वडिलांपासून म्हणजे ‘आवास’ आणि आईपासून म्हणजे ‘एजेस’. मंगोल व्याकरणकार स्वरांना ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ म्हणतात. मांचूत तर नवल, ‘अमा’ म्हणजे वडील आणि ‘एमे’ म्हणजे आई, ‘हाहा’ म्हणजे पुरुष आणि ‘हेहे’ म्हणजे बाई. स्वर बदलला की लिंग बदललं.

पण वाक्याचा साचा हा फार स्वस्त पुरावा आहे. मराठी माणसाला तुर्की वाक्यक्रम सोपा जातो, म्हणून काही आपण तुर्क होत नाही. साचे शेजाऱ्याकडून किती सहज येतात, याचं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत दिलं जाणारं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये कुपवाडबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. गावात कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी रोज व्यवहार करत होती. कुणी आपली भाषा सोडली नव्हती, शब्द आपापलेच होते. पण तिन्हींचं स्थानिक व्याकरण इतकं जवळ आलं होतं की एका भाषेतल्या वाक्याच्या जागी दुसरीतलं वाक्य, शब्दाला शब्द ठेवून, बसवता येत होतं. एका गावात हे होतं, तर हजारो वर्षं एकाच गवताळ पट्ट्यात घोडे, लुटालूट, सोयरिकी आणि साम्राज्यं वाटून घेतलेल्या लोकांत किती होईल?

म्हणून निकाल शब्दांवर लागायचा. तिथे बैल आडवा येतो.

तुर्कीत बैल म्हणजे ‘ओक्युझ’, मंगोलीत ‘उखेर’. जुळं तुर्कीत ‘इकिझ’, मंगोलीत ‘इखेर’. वासरू जुन्या तुर्कीत ‘बुझागू’, जुन्या मंगोलीत ‘बिरागू’. एकीकडे ‘झ’, दुसरीकडे ‘र’, तेही पुन्हा पुन्हा, नेमाने. भाषाशास्त्रात नातं ठरतं ते अशा नेमावर, नुसत्या सारखेपणावर नाही. रामस्टेट-पंथीयांचं म्हणणं असं, की मूळ अल्ताइक भाषेत ‘र’च्या जातीचा एक खास ध्वनी होता, मंगोलीने तो ‘र’ म्हणून जपला आणि तुर्कीत त्याचा ‘झ’ झाला. व्होल्गाकाठची चुवाश ही तुर्किकच भाषा, पण तिच्यातही ‘र’ आहे: बैल ‘वकर’, वासरू ‘पारू’. (मराठी वाचकाला इथे ‘पारडू’ आठवेल. तो शुद्ध योगायोग आहे, आणि असले योगायोग या वादात पावलोपावली पाय अडकवतात.)

आता हंगेरियन पाहा. बैल ‘ओकोर’, जुळं ‘इकेर’, वासरू ‘बोर्यू’. हंगेरियन ही फिन्निशच्या नात्यातली भाषा, तुर्किकशी तिचं रक्ताचं नातं नाही. हे शब्द हंगेरियनांच्या पूर्वजांनी मध्य युरोपात येण्याआधी, स्टेपच्या मैदानात, चुवाशसारखी ‘र’वाली तुर्किक बोलणाऱ्या लोकांकडून घेतले, याबद्दल कुणाचं दुमत नाही. गुरं पाळण्याची विद्या घेताना शब्दही घेतले. मग संशयवाद्यांचा सवाल सरळ आहे: हंगेरियनांनी जे पश्चिमेला घेतलं, तेच मंगोलांनी पूर्वेला तसल्याच ‘र’वाल्या तुर्कांकडून घेतलं नसेल कशावरून? तसं असेल तर नेम आहे, पण तो उसनवारीचा नेम आहे.

हा हल्ला चढवणाऱ्यांत पुढे होते सर जेरार्ड क्लॉसन. ब्रिटिश वसाहत खात्यातले अधिकारी, निवृत्तीनंतर तुर्कीचा तेराव्या शतकाआधीचा शब्दकोश सिद्ध करणारे. 1956 मध्ये त्यांनी दाखवलं, की बैल-वासरं जुळतात, पण जे शब्द कुणी कुणाकडून सहसा मागत नाही ते जुळत नाहीत: म्हणणे, देणे, घेणे, जाणे, चांगलं, वाईट. अंकही नाहीत. तुर्की एक-दोन-तीन म्हणजे ‘बिर, इकी, उच’. मंगोली ‘नेग, खोयोर, गुराव’. मांचू ‘एमू, जुवे, इलान’. याउलट मराठीतलं ‘दोन, तीन’ आणि रशियनमधलं ‘द्वा, त्री’ हजारो मैल आणि हजारो वर्षं ओलांडूनही ओळख देतात. चारावर मात्र अल्ताइकवादी मान वर करतात: ‘दोर्त’, ‘दोरोव’, ‘दुइन’. दहापैकी एक. आणि मांचूंचे पूर्वज जुर्चेन यांनी अकरा ते एकोणीस हे आकडे कुठल्याशा मंगोलिक बोलीतून उचललेले दिसतात, म्हणजे अंकही उसने घेण्याची या मुलुखात पद्धत होती.

गेरहार्ड डोर्फर हा जर्मन पंडित याहून खोल गेला. शरीराकडे बघा, तो म्हणाला. डोळा तुर्कीत ‘गोझ’, मंगोलीत ‘नुद’, मांचूत ‘यासा’. डोकं ‘बाश’, ‘तोलगोय’, ‘उजू’. रक्त ‘कान’, ‘त्सुस’, ‘सेंगी’. पाणी ‘सू’, ‘उस’, ‘मुके’. मग जे जुळतात ते कुठले? आणि कसे? तुर्किक-मंगोलिक साम्यं पुष्कळ, मंगोलिक-तुंगुसिकही बरीच. मंगोलिकला वगळून थेट तुर्किक आणि तुंगुसिक जुळवायला गेलं तर हाती फारच थोडं लागतं. एकाच आईची तीन लेकरं असती तर असं एकाच्या मध्यस्थीने चेहरे जुळले नसते. शब्द हातोहात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेले असतील, तर हे असंच दिसायला हवं.

डोर्फरचं नाव मराठी अभ्यासकांनी आणखी एका कारणाने लक्षात ठेवावं. फारसीत शिरलेल्या तुर्की आणि मंगोल शब्दांवरचा त्याचा चार खंडांचा ग्रंथ 1963 ते 1975 दरम्यान प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडचे ‘बहादूर’, ‘दारोगा’ हे शब्द त्याच वाटेने आले. उलानबातर या राजधानीच्या नावातला ‘बातर’ म्हणजे वीर. तोच मांचूत ‘बातुरू’, फारसीतून मराठीत ‘बहादूर’. हा शब्द कुठेकुठे पोचला त्यावर भाषाकुल ठरवायचं, तर शिवकालीन बखरीही अल्ताइक ठरतील. त्याच नावातला ‘उलान’ म्हणजे लाल. तो तेराव्या शतकात ‘हुलान’ होता आणि मांचूत लाल म्हणजे ‘फुलग्यान’. मंगोलीतला ‘ह’ आणि मांचूतला ‘फ’ हे मूळच्या ‘प’चे अवशेष, असा अल्ताइकवाद्यांचा एक अतिशय देखणा नियम आहे, आणि तो संशयवाद्यांनाही सहज झटकता येत नाही. फार तर ते म्हणतात, उसनवारी ‘प’चा ‘ह’ होण्याआधीची, फार जुनी आहे. एकाच शहराच्या नावात वादाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसल्या आहेत.

अल्ताइकवाद्यांकडचं खरं हत्यार सर्वनामं आहेत. मंगोलीत ‘मी’ म्हणजे ‘बी’, पण ‘माझं’ म्हणजे ‘मिनी’. मांचूतही ‘बी’ आणि ‘मिनी’. जुन्या तुर्कीतही ‘बेन’ आणि ‘मेन’ ही रूपं शेजारी नांदतात. ‘तू’ तुर्कीत ‘सेन’, मांचूत ‘सी’, मंगोलीत जुन्या ‘ती’पासून झालेला ‘ची’. शब्द उसना घेता येतो, पण ‘ब’ धरून सुरू व्हायचं आणि विभक्ती लागली की ‘म’वर जायचं, ही लकब उसनी घ्यावी, हे पटायला जड जातं. संशयवादी सांगतात, की फिन्निशमध्येही ‘मिना-सिना’ आहेत आणि ‘म’ व ‘त’-‘स’ ही सर्वनामांची जोडी निम्म्या युरेशियात सापडते. उत्तर आहे, पण समाधान होत नाही. साऱ्या वादात संशयवाद्यांची बाजू वरचढ आहे खरी, एवढी एक जागा सोडून.

1957 मध्ये स्थापन झालेली कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय अल्ताइक परिषद या साऱ्याची गंमत वाढवते. तिचे दीर्घकाळचे सरचिटणीस डेनिस सिनोर यांचाच अल्ताइक भाषाकुलावर विश्वास नव्हता. परिषद मात्र दरवर्षी निष्ठेने भरवत राहिले. स्टेपचा इतिहास, धर्म, घोडे आणि हस्तलिखितं यांवर बोलायला भाषांचं एक आजोळ असण्याची गरज नसते.

वाद पुन्हा पेटला 2003 मध्ये. मॉस्कोचे सेर्गेई स्तारोस्तिन, आन्ना दिबो आणि ओलेग मुद्राक यांनी तीन खंडांचा अल्ताइक व्युत्पत्तिकोश काढला. त्यात कोरियन आणि जपानीही सामील आणि सुमारे 2800 मूळ शब्दांची पुनर्रचना. ग्रंथाच्या आकारानेच छाती दडपावी. टीकाकार दबले नाहीत. जर्मनीच्या श्टेफान गेऑर्ग यांनी 2004 मध्ये आणि अलेक्झांडर वोविन यांनी 2005 मध्ये त्याची जी परीक्षणं लिहिली, ती या शास्त्रातली सर्वांत कडक परीक्षणं असावीत. ध्वनिनियम इतके सैल, अर्थाची ताणाताण इतकी, की अशा जाळ्यात कुठलीही भाषा सापडेल, हा त्यांचा मुख्य आरोप होता. वोविन हे एके काळचे समर्थक. लेनिनग्राडमध्ये जन्मलेला हा माणूस जपानी आणि कोरियनच्या जुन्या थरांत जितका उतरत गेला, तितका त्याचा विश्वास उडत गेला. धर्मांतर केलेल्याचा आवेश त्यांच्या लेखणीत दिसतो, हे मान्य करावं लागेल. स्तारोस्तिन यांनी उत्तर दिलं, पण 2005 च्या सप्टेंबरअखेर ते वारले.

पुढची पिढी नाव बदलून आली. मार्टिन रॉबीट्स यांनी ‘ट्रान्सयुरेशियन’ हा शब्द वापरला आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये मोठ्या चमूसह एक निबंध प्रसिद्ध केला: 98 भाषा, 255 उत्खननस्थळं आणि प्राचीन डीएनए एकत्र तपासून त्यांनी सांगितलं, की हे सारे लोक सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी ईशान्य चीनच्या पश्चिम ल्याओ खोऱ्यात बाजरीवर्गीय धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे वारस आहेत. घोडेस्वारांच्या जागी शेतकरी, ही कल्पना वर्तमानपत्रांना आवडली. भाषाशास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी शब्दयाद्या उघडून पाहिल्या आणि जुनेच आक्षेप नव्याने मांडले. शेती पसरली, माणसं पसरली, हे डीएनए सांगू शकतो. त्यांच्या तोंडी कुठली भाषा होती, ते हाडांत लिहिलेलं नसतं.

मग जुना लिखित पुरावाच काय तो उरतो, आणि तो विषम आहे. तुर्किकचे ओर्खोन शिलालेख 732 आणि 735 चे; मंगोलीचं जुनं लेखन तेराव्या शतकातलं; जुर्चेन बाराव्या, मांचू सतराव्या. कुटुंब खरं असेल तर मागे जावं तसं साम्य वाढायला हवं, संस्कृत आणि अवेस्तात वाढतं तसं. संशयवादी म्हणतात इथे उलट घडतं, पण मंगोलीचा मागचा रस्ताच बंद असल्याने हे म्हणणं अर्धंच तपासता येत होतं.

तो रस्ता अलीकडे थोडा उघडला, आणि तोही आपल्या ओळखीच्या अक्षरांनी. मंगोलियाच्या बुल्गान प्रांतात 1975 साली सापडलेला हुइस तोलगोयचा शिलालेख ब्राह्मी लिपीत आहे. बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियात गेलेल्या ब्राह्मीचं ते रूप. त्याची भाषा कुठली, हे कित्येक दशकं कळलं नव्हतं. 2014 मध्ये एका चमूने तो नव्याने टिपला. डीटर माउए यांनी अक्षरं लावली आणि भाषा ओळखली ती वोविन यांनीच: मंगोलिक, सातव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे तोवरच्या सर्वांत जुन्या मंगोली लेखनाहून सहाशे वर्षं आधीची. मंगोलियातल्याच बुगुतच्या शिळेची ब्राह्मी बाजूही त्यांनी याच भाषेत वाचली. वोविन 2022 मध्ये गेले. दोन्ही शिळांवरचे शब्द मोजके आहेत, अक्षरं झिजलेली आहेत, कित्येक ठिकाणी वाचन अजून संशयाचं आहे. पण तुर्किकच्या जुन्या लेखांशेजारी जवळजवळ त्याच काळची मंगोलिक ठेवून तुलना करण्याची सोय रामस्टेटला नव्हती, क्लॉसनला नव्हती आणि डोर्फरलाही नव्हती.